पोकळी भरण्याचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीत शिरलं, की हवा बदलल्याचं अंगाला आधी कळतं. आज आपण तिथं स्ट्रॉबेरी खायला, टेबललँडवर फिरायला किंवा शाळेत ठेवलेल्या मुलाला भेटायला जातो. पण दोन पिढ्यांपूर्वी 'अमक्याला पाचगणीला ठेवलंय' असं कुणी हळू आवाजात सांगितलं, तर ऐकणारा पुढं फारसं विचारत नसे. क्षयाचं नाव मोठ्यानं घ्यायची पद्धत नव्हती. डॉक्टर रुस्तमजी बमनजी बिलिमोरिया यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात तिथं उभं केलेलं बेल-एअर सॅनेटोरियम मुंबई इलाख्यातल्या कितीतरी घरांचं आशास्थान होतं. पुढं ते रेड क्रॉसकडे आलं, आणि आज रुग्णालय म्हणून चालू आहे.

आज बोलायचं आहे ते मात्र एका अगदी नव्या वाटणाऱ्या शस्त्रक्रियेबद्दल. पोटावरची किंवा मांडीवरची चरबी शोषून घ्यायची आणि तीच स्तनांमध्ये भरून त्यांचा आकार वाढवायचा. हिचा फायदा किती आणि धोका किती, असं मुली आता उघडपणे विचारतात, आणि विचारलंही पाहिजे. पण यात पाचगणी कुठून आली? तर संबंध छातीचा आहे, चरबीचा आहे आणि माफ करा, पण थोडासा आपल्या विसरभोळेपणाचाही आहे.

सॅनेटोरियमच्या जमान्यात क्षयावर औषध नव्हतं. स्वच्छ हवा, सक्तीची विश्रांती, दूध, अंडी, लोणी, कॉड लिव्हर ऑइल, आणि ठरावीक दिवशी वजनकाटा. रोग माणसाला आतून खात असे, त्यामुळं अंगावर मांस-चरबी दिसू लागली की घरच्यांचा जीव भांड्यात पडे. वजन वाढलं म्हणजे सुधारणा, असं समीकरणच होतं. ते किती खरं होतं, याचा उलगडा पुढं मद्रासला झाला. १९५६ साली तिथं सुरू झालेल्या क्षय संशोधन केंद्रानं काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवून आणि काहींना त्यांच्याच गरीब घरांत ठेवून तीच औषधं दिली. १९५९ साली निकाल आला. सॅनेटोरियममधल्यांचं वजन जास्त वाढलं होतं, पण बरं होण्याचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच होतं. काट्यावर दिसणारी गोष्ट वेगळी आणि आतली गोष्ट वेगळी.

औषधं येण्यापूर्वी आणखी एक उपाय होता, आणि तो आज ऐकताना अंगावर काटा येतो. फोडानं पोखरलेलं फुप्फुस सतत हलत राहतं, म्हणून भरून येत नाही. मग त्याला गप्प बसवलं तर? इटलीतल्या कार्लो फोर्लानिनी यांनी १८८२ साली ही कल्पना मांडली. बरगड्यांमधून सुई घालायची, फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये हवा भरायची आणि फुप्फुस मुद्दाम दबवून ठेवायचं. हवा जिरून जाई, म्हणून दर एक-दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा भरायची, अशी दोन-दोन, चार-चार वर्षं. जगभरच्या सॅनेटोरियमांत हा नित्याचा उपचार झाला.

कधी कधी फुप्फुस भिंतीला इतकं चिकटलेलं असे, की हवेला जागाच मिळत नसे. तेव्हा शल्यविशारद ते हातानं सोडवत आणि तयार झालेली पोकळी कशानंतरी भरून टाकत. कशानं? पॅरिसच्या तेओदोर त्युफिये यांनी १९१०च्या सुमारास त्यासाठी चरबी वापरली. ती जिरते, आक्रसते असं दिसून आलं. मग १९१३ साली म्युनिकच्या गुस्ताव बेअर यांनी मेण भरलं, पॅराफिनचं. ते जिरत नसे. पण काही रुग्णांत ते वर्षांनी जागचं सरके, पू धरे, कधी खोकल्यातून बाहेर येई. जिरणारं भरावं की न जिरणारं, हा पेच छातीच्या आत सुटला नाही. आणि गंमत म्हणजे, नेमका हाच पेच त्याच वर्षांत छातीच्या बाहेरच्या बाजूला, स्तनांच्या बाबतीतही चालू होता.

त्या कहाणीतही क्षय पुन्हा पुन्हा डोकावतो. १८९३ साली जर्मनीतल्या गुस्ताव नॉयबर यांनी हाडाच्या क्षयामुळं चेहऱ्यावर पडलेला खड्डा दंडावरची चरबी घालून भरून काढला. चरबी एका जागेवरून दुसऱ्या जागी लावल्याची ही पहिली ठळक नोंद. त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं, की तुकडे लहान, बदामाएवढेच असावेत, मोठे टिकत नाहीत. दोनच वर्षांनी हायडेलबर्गच्या विन्सेंट चेर्नी यांनी एका गायिकेची हकिगत प्रसिद्ध केली. तिच्या स्तनातली गाठ काढावी लागली होती. रंगमंचावर उभं राहणारी बाई, तिचा एक स्तन लहान राहू नये म्हणून तिच्याच पाठीकडच्या बाजूला असलेली चरबीची निरुपद्रवी गाठ काढून त्यांनी ती पोकळी भरली. सव्वाशे वर्षांहून जुनी गोष्ट आहे ही. नवं म्हणून जाहिरातीत जे सांगितलं जातं, त्याचं वय हे असं आहे.

मग मेण आलं, इथंही. व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी यांनी १८९९मध्ये, क्षयापायी एक अवयव गमावलेल्या तरुणाला व्हॅसलिन टोचून त्याची उणीव झाकली. तो प्रयोग जमला, आणि थोड्याच वर्षांत युरोपात नाकं, गाल, स्तन सगळीकडे पॅराफिन टोचणं सुरू झालं. सुरुवातीला फारच छान दिसे. नंतर गाठी झाल्या, कातडी लाल झाली, व्रण पडले, मेण रक्तात शिरून काहींची दृष्टी गेली, काहींचा जीव गेला. हे सगळं एकाच दिवशी कळलं नाही. ज्यांनी पहिल्या वर्षीचे फोटो पाहिले, त्यांना ते कळणंच शक्य नव्हतं.

आता पुन्हा सॅनेटोरियमकडे येतो, कारण माझ्या मते या विषयातला सर्वांत मोठा धडा तिथंच आहे, आणि सौंदर्यशस्त्रक्रियेच्या चर्चेत तो कुणी सांगत नाही.

हवा भरण्याच्या उपचारात फुप्फुस किती दबलं आहे, हे दर वेळी पाहावं लागे. त्यासाठी रुग्णाला क्ष-किरणांच्या पडद्यामागं उभं करत. प्रत्येक वेळी थोडे क्ष-किरण. पण उपचार वर्षानुवर्षं चाले, त्यामुळं अमेरिकेतल्या कित्येक जणींच्या बाबतीत हा आकडा शंभरावर गेला. बायका बऱ्या झाल्या, घरी गेल्या, त्यांची लग्नं झाली, मुलं झाली. १९६५ साली कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतातून इयन मॅकेन्झी यांनी लिहिलं, की अशा बायकांमध्ये स्तनांचा कर्करोग अपेक्षेहून बराच जास्त आढळतो आहे. पुढं मॅसॅच्युसेट्समधल्या क्षयरुग्ण स्त्रियांच्या जुन्या नोंदी तपासल्या, तर तिथंही तेच. धोका दिसायला दहा-पंधरा वर्षं लागत होती, आणि ज्या मुलींनी विशीच्या आत-बाहेर हे किरण घेतले, त्यांना तो सर्वांत जास्त होता.

इथं घाईनं कुणाला दोषी ठरवू नये. क्षयानं मरण समोर उभं असताना पंचवीस वर्षांनंतरच्या कर्करोगाची भीती कुणी घातली असती, तरी त्या मुलीनं आणि तिच्या बापानं हवा भरून घेतलीच असती. आणि योग्यच केलं असतं. पण हे ध्यानात ठेवू, की फायदा दर आठवड्याला डोळ्यांसमोर होता आणि तोटा वीस वर्षांनी, दुसऱ्याच डॉक्टरच्या दवाखान्यात, दुसऱ्याच कागदावर उगवला. दोन्ही कागद एकत्र ठेवणारा कुणी निघाला, म्हणून कळलं.

चरबीच्या कहाणीत मधला काळ सिलिकॉनचा. १९६२ साली ह्यूस्टनमध्ये सिलिकॉनच्या पिशव्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. त्यांचे वाद सर्वांना माहीत आहेत. १९९२ ते २००६ अमेरिकेत सौंदर्यासाठी त्या वापरण्यावर बंदी होती, २०१० साली एका फ्रेंच कंपनीच्या पिशव्यांत औद्योगिक दर्जाचं सिलिकॉन निघालं, आणि २०१९ साली खडबडीत कवचाच्या काही पिशव्या एका दुर्मिळ लसिकाग्रंथींच्या कर्करोगाशी संबंध दिसल्यामुळं बाजारातून परत घेतल्या गेल्या. साहजिकच बायका विचारू लागल्या, परकी वस्तू नको, माझीच चरबी का नाही?

आपल्याच शरीराचा भाग आपल्याला लावणं हे पुण्याला काही नवं नाही म्हणा. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्यात कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं, त्याचं चित्र १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगेझिन'मध्ये छापून आलं आणि युरोप थक्क झाला. पण त्या कातडीचा एक देठ कपाळाला जोडलेलाच होता, रक्त तुटलं नव्हतं. चरबीचं तसं नाही. ती शोषून काढली की तिचा रक्तपुरवठा संपला. नव्या जागी नव्या रक्तवाहिन्या पोचेपर्यंत काही दिवस तिला शेजारच्या पेशींतून झिरपणाऱ्या रसावर जगावं लागतं. कडेचा एक-दीड मिलिमीटर थर जगतो, मधला मरतो. नॉयबर यांचा बदाम इथं आठवावा. म्हणूनच आज चरबी गोळ्यानं न घालता बारीक नळीतून, माग काढल्यासारखी, थेंबाथेंबानं वेगवेगळ्या थरांत पेरतात. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या लिंडन पीअर यांनी मोजून दाखवलं होतं, की लावलेल्या चरबीतली जवळजवळ निम्मी वर्षभरात नाहीशी होते. तंत्र सुधारलं, पण निम्म्याचा हा आकडा अजून फारसा मागं पडलेला नाही. कुणाची तीस टक्के टिकते, कुणाची सत्तर, आणि कुणाची किती टिकेल हे आधी सांगता येत नाही.

शोषण-तंत्र १९७०च्या दशकात युरोपात आलं आणि चरबी मुबलक मिळू लागली. १९८७ साली अमेरिकेत ती स्तनांत टोचल्याचे अहवाल आले. लगेच तिथल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेच्या समितीनं याचा निषेध केला. कारण असं, की मेलेल्या चरबीच्या जागी चुन्याचे कण साठतात, आणि मॅमोग्राममध्ये कर्करोगाची पहिली खूणही बहुधा असेच कण असते. एकाच्या आड दुसरं लपलं तर? वीस वर्षं हा विषय जवळपास बंद राहिला. त्यात एक विसंगती होती. स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेतही अशाच खुणा राहतात, पण तिला कुणी अडवलं नव्हतं. फ्रान्समध्ये लिआँच्या एमॅन्युएल डले यांनी १९९८पासून कर्करोगानंतर पुन्हा घडवलेल्या स्तनांत चरबी भरायला सुरुवात केली, सिडनी कोलमन यांनी २००७ साली आपले रुग्ण मांडले, आणि २००९ साली त्याच अमेरिकन संघटनेनं, काळजी घेऊन हे करता येईल, असं सांगितलं. आज अनुभवी क्ष-किरणतज्ज्ञ बहुतेक वेळा दोन प्रकारचे कण वेगळे ओळखतात. बहुतेक वेळा म्हणतो, नेहमी नाही. शंका आली तर सुई घालून तुकडा तपासावा लागतो, आणि त्या आठ दिवसांत ती बाई आणि तिचं घर कशातून जातं, ते कुठल्याच तक्त्यात नसतं.

मग आज तराजूत काय काय पडतं? फायद्याच्या पारड्यात, परकी वस्तू नाही, दहा-पंधरा वर्षांनी बदलायला लागणारी पिशवी नाही, व्रण नखाएवढे, स्पर्श नैसर्गिक. शिवाय कुठून तरी चरबी कमी होते, हे अनेकींना आवडतंच. मर्यादा अशी, की एका वेळी साधारण एक कप माप वाढतं, त्याहून जास्त नाही. हवं असेल तर काही महिन्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा भूल, पुन्हा खर्च. सडपातळ मुलीकडे द्यायला चरबीच नसते. वजन घटलं की भरलेलंही घटतं. धोक्याच्या पारड्यात तेलाच्या गाठी, कडक गोळे, जंतुसंसर्ग, जिथून काढली तिथं खड्डे आणि बधिरपणा. क्वचित नळी बरगड्यांच्या मधून आत गेली, तर फुप्फुसाभोवती हवा शिरते. वर ज्याला उपचार म्हटलं, तेच इथं गुंतागुंत म्हणून लिहिलं जातं! आणखी एक सांगायला हवं. नितंबांत चरबी भरताना ती मोठ्या नीलांमध्ये शिरून मृत्यू झाल्यानं २०१८ साली तज्ज्ञांनी मोठा इशारा दिला होता. स्तनांत तशा मोठ्या नीला नसल्यानं तो धोका फारच कमी आहे. दोन्ही गोष्टी एकाच पत्रकावर एकाच किमतीत छापल्या, म्हणून त्या सारख्या होत नाहीत.

कर्करोगाचं काय? चरबीत मूलपेशी असतात, त्या सुप्त कर्करोगाला खतपाणी घालतील का, ही शंका प्रयोगशाळेतून आली. एका इटालियन अभ्यासात २०१२ साली काही रुग्णांपुरता धोका वाढल्यासारखं वाटलं, नंतरच्या मोठ्या अभ्यासांत तसं दिसलं नाही. निरोगी बाईनं चरबी भरून घेतल्यामुळं कर्करोग वाढतो, असंही दिसलेलं नाही. हे समाधानाचं आहेच. पण यातले बरेचसे अभ्यास रुग्णांच्या मागं काही वर्षंच राहिले आहेत, आणि सॅनेटोरियमच्या बायकांचा हिशेब पुरा व्हायला दशकं लागली होती. चरबी म्हणजे क्ष-किरण नव्हे, तुलना त्या अर्थानं करत नाही. प्रश्न वाट पाहण्याचा आहे. पंचविशीतल्या मुलीला पुढं पन्नास वर्षं जगायचंय.

आणि इथंच मला दोन बायका वेगळ्या दिसतात. एक, जिचा स्तन कर्करोगापायी काढला. मुंबईचं टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झालं, तेव्हापासून या राज्यातल्या किती बायका छातीवरचा सपाट व्रण घेऊन घरी परतल्या असतील. किरणोपचारानं घट्ट झालेली कातडी चरबीनं मऊ होते, खड्डा भरतो, ओढल्यासारखं दुखणं कमी होतं. तिच्या बाबतीत मी पारडं सरळ फायद्याकडे झुकलेलं मानतो. विमा कंपन्यासुद्धा एरवी सौंदर्यासाठीचा खर्च नाकारतात, पण अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेला तो नियम लावत नाहीत.

अशीच गोष्ट गालांची. बेल-एअरमध्ये क्षयानंतर एचआयव्हीचे रुग्ण येऊ लागले. २००४ साली सरकारनं मोफत औषधं सुरू केली, त्यात स्टॅव्हुडिन होतं. त्यानं देशभर लाखो जीव वाचायला मदत झाली, पण काहींच्या गालांतली चरबी विरघळून चेहरा खपाटीला जाई आणि ओळखीचे लोक त्यावरून रोग ओळखत. जगात अनेक ठिकाणी असे गाल चरबीनं भरले गेले. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ते औषधच थांबवायला सांगितलं. अशा चेहऱ्यावरच्या दोन चमचे चरबीला चैन म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दुसरी बाई निरोगी आहे. तिची इच्छा खोटी नाही. कपडे बसत नाहीत, बाळंतपणानंतर शरीर परकं वाटतं, दोन बाजूंत फरक आहे. 'हे फॅड' म्हणून उडवून लावणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण तिच्या समोर मरण नाही, खड्डा नाही. तिला घाई नाही, हाच तिचा मोठा फायदा आहे, आणि कर्जाचे हप्ते नि सणाची सूट दाखवून तोच तिच्याकडून काढून घेतला जातो.

तिनं काय करावं, एवढं सांगून थांबतो. आई, मावशी, बहीण यांना स्तनांचा कर्करोग झाला असेल, तर आधी ते सांगावं, तिथं हात आखडता घेणंच बरं. शस्त्रक्रियेपूर्वी वयानुसार सोनोग्राफी किंवा मॅमोग्राम करून घ्यावा आणि वर्षभरानं पुन्हा, म्हणजे पुढं तुलनेला आधीची फिल्म हाताशी राहील. आपल्याकडं ठरावीक वयानंतर सर्व बायकांची तपासणी आपोआप होत नाही, त्यामुळं ही जबाबदारी तिचीच. डॉक्टरकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का, हे विचारायला लाजू नये. आणि निघताना एक कागद मागून घ्यावा. कुठून किती चरबी काढली, कुठल्या बाजूला किती मिलिलिटर, कुठल्या थरात, कोणत्या तारखेला भरली. हा कागद लग्नाच्या फोटोंबरोबर जपून ठेवावा. वीस वर्षांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरच्या टेबलावर एखादी संशयास्पद फिल्म उजेडासमोर धरली जाईल, तेव्हा तो त्याच्या शेजारी ठेवता येईल.